येताना एक लिंबू आणावे

वाचक कसे मोजायचे हे कोणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं. मोठमोठ्या वर्तमानपत्रांना ही विद्या येत नाही. ते आपले अंक किती खपले ते छातीठोकपणे सांगतात. पण खपलेला अंक वाचला गेला, की त्यावर चिवडा ठेवून खाल्ला गेला, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगू शकत होतो. निदान अठ्ठ्याहत्तर सालच्या दसऱ्यापर्यंत माझी तशी पक्की समजूत होती.

आमची वस्ती धंतोलीच्या कडेला, रेल्वेलाइनच्या अंगाला. वस्तीचं एक वाचनालय होतं आणि वाचनालयाचं ‘शेजार’ नावाचं पाक्षिक. ते सायक्लोस्टाइलवर निघायचं. संपादक मी, लेखक मी, स्टेन्सिल कापणारा मी आणि कोपरापर्यंत शाई माखून घेणाराही मीच. दिवसा सरकारी कचेरीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या टिपणांवर ‘अवलोकनार्थ सादर’ एवढंच लिहायचो. स्वतःचं म्हणावं असं वाक्य मला फक्त ‘शेजार’मध्ये लिहायला मिळायचं. त्यामुळे त्या चार पानांवर माझा किती जीव होता, ते सांगायला नको.

वाचनालयाचे अध्यक्ष होते दादाजी. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पण हिरवी आणि लाल झेंडी मनातून खाली ठेवली नव्हती. छप्पनच्या धम्मदीक्षेला अख्ख्या वस्तीला रांगेत घेऊन गेलेला हा माणूस, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी मान वर करत नसे. एकदा सभेत ते म्हणाले,

“देवराव, हे तुह्यं ‘शेजार’ वाचते कोन गा?”

“सारेच वाचतात, दादाजी.”

“मी नाही वाचत. विश्वनाथ, तू वाचतं काय?”

विश्वनाथ आमचा सचिव आणि माझा लहानपणापासूनचा मित्र. तो छताकडे पाहू लागला. छताला पाहण्यासारखं काही नव्हतं, पंखासुद्धा नव्हता.

“दसऱ्यापर्यंत वाचनारे दाखव,” दादाजी म्हणाले. “नाही तं दसऱ्यापासून कागद बंद. त्या पैशात पोरायले पुस्तकं घेऊ.”

मुद्दा रास्त होता, हेच त्यातलं सगळ्यात वाईट. पोरांच्या पुस्तकांविरुद्ध कोण बोलणार? मी खाली मान घालून घरी आलो आणि ओट्यावर बसलो. बसल्या बसल्या मला लेख सुचला.

आमच्या ओट्यावरून धंतोलीचा रस्ता दिसतो. धंतोली म्हणजे एका दवाखान्याला टेकलेला दुसरा दवाखाना. साऱ्या विदर्भातून माणसं आपला पेशंट घेऊन तिथे यायची. एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तोंडावर रस्ता चुकल्याची कळा. पाणी कुठे मिळतं, रात्री पथारी कुठे टाकायची, डॉक्टरांना काही विचारलं तर ते रागावतील का, यातलं काही त्यांना ठाऊक नसायचं. मी बसून सगळं लिहून काढलं. कुठे उतरावं, जुनी औषधं आणि कागद कसे सांभाळून आणावेत, तांब्या आणि सतरंजी का विसरू नये, सोबतच्यांनी आळीपाळीने कसं झोपावं. नाव दिलं ‘दवाखान्यासाठी नागपुरात येताना’.

लेख झाला आणि मग प्रकाश पडला की ‘शेजार’ जातं आमच्या गल्लीत, आणि या लेखाची गरज आहे खेड्यात. गल्लीतल्या माणसाला धंतोली दाखवून काय उपयोग? म्हणून मी लेखाच्या डोक्यावर लिहिलं: ‘हा लेख कोणीही, कुठेही, न विचारता छापावा. मोबदला नको. अटी दोनच. एक शब्दही बदलू नये, आणि लेखकाचे नाव द्यावे.’

“फुकटचं कोन छापते गा?” विश्वनाथ म्हणाला.

फुकटचं म्हणूनच छापतात! चार साप्ताहिकांना मी प्रती पाठवल्या. एक वर्ध्याचं, एक भंडाऱ्याचं, एक यवतमाळचं आणि एक उमरेडकडचं. चारही ठिकाणी छापून आलं. साप्ताहिकाच्या संपादकाला रिकामा कॉलम म्हणजे घरात उपवर मुलगी, येईल त्या स्थळाला तो बसा म्हणतो.

आता प्रश्न राहिला वाचक मोजायचा, आणि इथेच माझं डोकं चाललं. प्रती पाठवतानाच मी लेखाला शेवटी एक ओळ जोडून दिली होती: ‘काही शंका असल्यास संध्याकाळी पुढील पत्त्यावर यावे. येताना एक लिंबू आणावे. चहा मिळेल.’ लिंबाची ओळ फक्त वर्ध्याच्या प्रतीत. भंडाऱ्याच्या प्रतीत मूठभर तांदूळ, यवतमाळच्या प्रतीत मूठभर तुरीची डाळ आणि उमरेडच्या प्रतीत दोन लाल मिरच्या. ज्या भागात जे पिकतं ते मागितलं, म्हणजे कोणाला तोशीस नको. माणूस लिंबू घेऊन आला की समजायचं वर्ध्याचा वाचक, तांदूळ घेऊन आला की भंडाऱ्याचा. स्वयंपाकघराच्या फळीवर मी चार पराती मांडल्या. दसऱ्याला त्या दादाजींपुढे ठेवायच्या आणि म्हणायचं, मोजा!

चहाचं मी आपलं माणुसकी म्हणून घातलं. आपल्याकडे नुसती शंका घेऊन कोणी कोणाच्या घरी जात नाही.

ही सगळी योजना सिंधूला सांगायची तेवढी राहून गेली. सिंधू म्हणजे माझी बायको. चहा तिलाच करावा लागणार होता.

पहिला वाचक आला तो आर्वीकडचा. कवडू त्याचं नाव. उंचापुरा, पण खांदे पडलेले. दारात उभा राहून त्याने विचारलं, “देवराव रंगारीचं घर हेच काय जी?” आणि धोतराच्या सोग्यातून लिंबू काढून माझ्या हातावर ठेवलं.

छापलेली ओळ वाचून एक माणूस माझ्या दारात आला होता. लेख वाचलात का, असं मी त्याला विचारलंसुद्धा नाही. हातात लिंबू दिसल्यावर विचारायचं काय उरलं?

“बसा. शंका काय हाय तुमची?”

“शंका नाही जी,” कवडू म्हणाला. “बायको भरती हाय माही. पोटाचं ऑपरेशन हाय. तिथं बाकड्यावर बसून बसून जीव घाबरून राहिला. इथं चाय भेटते म्हने.”

मी आत जाऊन सिंधूला चहा टाकायला सांगितला.

“कोन आलं?”

“वाचक.”

“कोनाचा?”

“माझा.”

सिंधूने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लिंबाकडे पाहिलं. तिने आधण ठेवलं. कवडू चहा प्यायला, दोन वाक्यं बोलला, आणि जाताना त्याचे खांदे थोडे वर आले होते, असं मला वाटलं. मी लिंबू परातीत ठेवलं आणि रात्री शांत झोपलो.

पुढच्या आठवड्यात ओटा भरला. त्याच्या पुढच्या आठवड्यात ओटा पुरेना. आर्वी, हिंगणघाट, तुमसर, पुसद, कुठून कुठून माणसं आली. कोणी एकटं येत नव्हतं. पेशंटचा भाऊ, भावाचा साळा, साळ्याच्या गावचा पोलीस पाटील. शंका कोणालाच नव्हती. सगळ्यांना फक्त बसायला जागा आणि चहा हवा होता. त्या आठवड्याच्या चौथ्या का पाचव्या संध्याकाळी सिंधूने मला आत बोलावलं आणि योजनेची एकेक कडी माझ्याकडून वदवून घेतली.

“चाय मिळेल लिहिलं तवा चाय करनारीले विचारलं काय?”

“दोन-चार लोकं येतीन वाटलं वं.”

“दोन-चार? दूधवाला मले विचारून राहिला, बाई, हॉटेल टाकलं काय म्हनून. आन हे निंबू, हे मिरच्या, हे कायले?”

“ते मोजायले.”

“मोजा,” ती म्हणाली. “तुमी मोजा. मी बाहेर पाहून येतो.”

ती बाहेर गेली तेव्हा मला वाटलं, आता सगळ्यांना हाकलणार. मी दाराआडून पाहिलं. ओट्याच्या कोपऱ्यात एक बाई गुडघ्यात डोकं घालून बसली होती. सिंधू तिच्याजवळ बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि शेजारच्या शोभाताईंकडून मोठं पातेलं मागून घेऊन आली. चहावरून आमच्या घरात त्यानंतर भांडण झालं नाही. साखरेवरून झालं, पण ते वेगळं.

माझं शास्त्र मात्र इथून बिघडायला लागलं. आमच्या कोपऱ्यावर एक लिंबूवाली येऊन बसली. माणसं लिंबू हुडकत येतात हे तिने हेरलं आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, “दवाखान्यात चालले काय? मंग निंबू घेऊन जा, लागते तिथं.” झालं! भंडाऱ्याची माणसं तांदूळ गाठीला असूनही वर लिंबू घेऊन येऊ लागली. पुसदच्या एकाने एका हातात डाळ आणि दुसऱ्या हातात लिंबू धरलेलं पाहिलं तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं. हा वाचक कोणत्या परातीत टाकायचा?

मी चारही संपादकांना तातडीने कळवलं की ‘येताना काहीही आणू नये’ अशी दुरुस्ती छापा. त्यांनी ती छापली. पण एक शब्दही बदलू नये ही माझीच अट! म्हणून त्यांनी अख्खा लेख पुन्हा छापला, लिंबासकट, पत्त्यासकट, आणि खाली दुरुस्ती दिली. ज्यांच्या नजरेतून पहिल्या वेळी पत्ता सुटला होता, त्यांनाही आता तो मिळाला. लोक लिंबू आणायचेच, फक्त आता ते देताना “आनू नोका म्हने, पन रिकाम्या हातानं कसं यावं जी” असं म्हणायचे.

मग मी नवी तपासणी सुरू केली. येणाऱ्याच्या हातातलं लिंबू घ्यायचो, उजेडात धरून फिरवून पाहायचो. पिवळं, पातळ सालीचं असलं तर कोपऱ्यावरचं, हिरवट असलं तर गावचं. मग गाव विचारायचो, कवा निघाले विचारायचो, मान हलवायचो आणि लिंबू आत नेऊन ठेवायचो. यात कोणाला काही वावगं दिसेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

ते शोभाताईंना दिसलं. त्यांच्या खिडकीतून आमचा ओटा आणि स्वयंपाकघरातली फळी दोन्ही सरळ दिसतात. घाबरलेल्या तोंडाची माणसं, त्यांच्या हातात लिंबू आणि लाल मिरच्या, आत परातीत तांदूळ, आणि लिंबू उजेडात धरून मान हलवणारा मी. दुसऱ्या दिवशी नळावर त्यांनी जाहीर केलं, “देवरावभाऊ निंबू पाहून बिमारी सांगून राहिले.”

आता आमचं घर कसलं, तर छप्पन साली बाबा, बुवा, गंडेदोरे सगळ्यांना दारातून कायमचं बाहेर केलेलं. वस्तीत अंगारा-धुपाऱ्याविरुद्ध मी स्वतः व्याख्यान दिलेलं. आणि त्याच वस्तीत मी भगत ठरलो!

त्या संध्याकाळी कामठीहून एक माणूस आला. त्याच्या घरचं कोणीच आजारी नव्हतं. त्याने लिंबू पुढे केलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “माहा माग रोज बंद पडते जी. कोनी काही करून ठेवलं काय, तेवढं पाहा.”

“माग म्हंजे पावरलूम?”

“हो जी.”

“तेल घालून पाह्यलं काय?” मी वैतागून विचारलं.

तो गेला. दोन दिवसांनी पेढे घेऊन आला. तेल घातलं होतं आणि माग चालू झाला होता. पेढे घेऊन तो येताना आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दारात सांगत आला होता. त्यानंतर माझ्याकडे हरवलेली म्हैस, न जमणारं लग्न आणि नापास होणारा भाचा असे सगळे विषय येऊ लागले. मी ओरडून सांगत होतो की मी भगत नाही, लेखक आहे. लोक समजूतदारपणे मान डोलवत. खरा जाणता स्वतःच्या तोंडाने कबूल करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी विश्वनाथ घरी आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

“संध्याकाळी कमिटी तुह्या घरी येऊन राहिली. दादाजी लय तापले. म्हनते, दीक्षेत हात वर करून जे सोडलं ते देवरावनं छापून घरात आनलं. ‘शेजार’ तं बंदच होईन, वाचनालयातून तुह्यं नावबी काढतीन.”

“येऊ दे,” मी म्हणालो. “माझ्या पराती बोलतील.”

मी मनाशी भाषण जुळवलं. पहिली परात वर्धा, दुसरी भंडारा, तिसरी यवतमाळ, चौथी उमरेड. यात मंत्र नाही, तंत्र आहे. दादाजी चूप होतील. कदाचित एखादा कागदाचा रीम जास्तही देतील.

संध्याकाळी कमिटी आली. पुढे दादाजी, मागे विश्वनाथ, त्यांच्या मागे साक्षीदार म्हणून शोभाताई. ओट्यावर नेहमीची गर्दी होती. तिच्याकडे एक नजर टाकून दादाजी म्हणाले,

“काय गा देवराव, कोनता देव पावला तुले?”

“दादाजी, गैरसमज झाला. तुम्ही वाचनारे दाखव म्हनले होते. मी मोजून ठेवले. एक मिनिट.”

मी आत गेलो. फळीवर चार पराती होत्या. चारही घासून लख्ख उपड्या ठेवलेल्या.

“सिंधू! माझे वाचक कुठं गेले?”

सिंधू चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती. “इथं हायेत,” ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. खिचडी होती. भंडाऱ्याचा तांदूळ, यवतमाळची डाळ, वर उमरेडच्या मिरच्यांची फोडणी, आणि बाजूला कापून ठेवलेली वर्ध्याची लिंबं.

“अवं, हा पुरावा होता!”

“तांदूळ होता, डाळ होती,” सिंधू म्हणाली. “लोकं सकाळपासून उपाशी बसून राहतात. नुसता चाय किती प्यावा मानसानं? तुमी मोजून राहिले तवापासून मी रोज शिजवून राहिली. तुमी रोज खाऊन राहिले, तुमाले समजलं नाही?”

खरं सांगायचं तर अलीकडे संध्याकाळी खिचडीच का असते हा प्रश्न मला पडला होता, पण त्यावर लिंबू छान लागत असल्यामुळे मी तो विचारला नव्हता. परातीत रोज दिसायचं ते त्या-त्या दिवशीचं असायचं. मी मात्र मनातल्या मनात भर घालत चाललो होतो.

मी बाहेर आलो. “दादाजी, पुरावा... शिजला.”

दादाजींनी माझ्याकडे लाल झेंडी दाखवावी तसं पाहिलं. “ठीक हाय. मानसं तं नाही शिजले नं? मी त्यायलेच विचारतो.” ते ओट्यावरच्या पहिल्या माणसापुढे जाऊन उभे राहिले. तो कवडू होता. बायकोचे टाके काढून घ्यायला आला होता आणि लिंबू घेऊनच आला होता.

“देवरावनं लिहिलेला लेख वाचून आले काय तुम्ही?”

“लेख?” कवडू म्हणाला. “नाही जी. मले वाचता नाही येत. एसटीच्या कंडक्टरनं सांगतलं.”

दादाजी पुढे सरकले.

“तुम्ही?”

“मले सुनेनं सांगतलं. तिले वानीनबाईनं सांगतलं.”

“तुम्ही?”

“वार्डातल्या शेजारच्या खाटेवाल्यानं.”

“तुम्ही तं शिकलेले दिसता.”

“हो, मास्तर हाय मी तुमसरले,” चष्मेवाला म्हणाला. माझी आशा पालवली. “पेपर येते आमच्या शाळेत. पन हे मले शिपायानं सांगतलं. तो म्हने पेपरात हाय. म्या म्हटलं असंन.”

विश्वनाथने पुन्हा वर पाहायला सुरुवात केली. या वेळी वर आकाश होतं. एवढ्या माणसांत माझा एकही वाचक नव्हता. चार साप्ताहिकं, एक दुरुस्ती, चार पराती, आणि वाचक शून्य. कंडक्टरने तरी वाचला होता का, की त्यालाही कोणी सांगितलं होतं, देव जाणे. ‘शेजार’ संपलं, हे मला कळलं.

दादाजींनी ओट्याच्या टोकाला पाठमोरं बसून खिचडी खाणाऱ्या एका बाईला शेवटचं विचारलं, “आन बाई, तुमाले कोनं सांगतलं?”

बाईने मागे वळून पाहिलं. तिच्या हातातला घास हातातच राहिला. दादाजींच्या हातातली काठीसुद्धा तशीच राहिली.

“पार्वती?”

पार्वतीबाई म्हणजे दादाजींची सख्खी धाकटी बहीण. उमरेडजवळच्या भिवापूरला दिलेली.

“तू इथं काहून? कवा आली?”

“आठ दिवस झाले, दादा. माह्या मालकायले भरती केलं. छातीत दुखते त्यायच्या.”

“आठ दिवस? आन मले सांगतलं नाही? माह्यं घर इथून दिसते वं पार्वती. तिथं काहून नाही आली?”

पार्वतीबाईंनी ताटलीकडे पाहिलं. त्या रागात नव्हत्या. अगदी सरळ मनाने म्हणाल्या, “तुह्या घरी कसं यावं दादा, न सांगता? तुले तरास. इथं तं छापून बोलावलं होतं म्हने. दोन मिरच्या घेऊन या आन चाय प्या. म्हटलं, जिथं बोलावलं तिथं जावं.”

सगळ्या वस्तीला रांगेत चालवणारा माणूस तिथे उभा होता, आणि कुठे पाय ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. मग ते आपल्या बहिणीशेजारी ओट्यावर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी खाली बसत नसत. सिंधू बाहेर आली. तिने त्यांच्यापुढे खिचडीची ताटली ठेवली आणि वर लिंबू पिळलं. शोभाताईंनी पाण्याचा तांब्या आणला. बराच वेळ भाऊ-बहीण खात होते आणि हळू आवाजात पार्वतीबाईंच्या नवऱ्याबद्दल बोलत होते. मला माझ्या परातींचा विसर पडला. खरंच पडला.

हात धुऊन दादाजी माझ्याकडे आले.

“‘शेजार’ चालू राहीन,” ते म्हणाले. “कागद देतो.”

“दादाजी, तुमचे उपकार...”

“माहे काहून? तुह्या बायकोचे हायेत. आन आइक. यापुढं इतला लांब लेख लिहू नोको. शेवटची ओळ तेवढी छाप. मोठ्या अक्षरात.”

“पन लेखात सगळी माहिती हाय, दादाजी.”

“असंन. चायची ओळ लोकायच्या ध्यानात राह्यली. बाकीचं तुह्यं तुले ठेव.”

त्या दिवसापासून वाचनालयाच्या व्हरांड्यात संध्याकाळी चहा आणि खिचडी मिळू लागली आणि आमचा ओटा मोकळा झाला. दादाजी स्वतः उभे राहून लोकांना रांगेत बसवत. पार्वतीबाई आणि त्यांचा नवरा पुढे दादाजींच्याच घरी राहिले. मेहुणे बरे होऊन भिवापूरला गेले तेव्हा दादाजींनी स्वतः त्यांना एसटीत बसवलं आणि गाडी सुटताना सवयीने हात वर केला. वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक दिवसाचं दूध येऊ लागलं. शोभाताईंनी मोठं पातेलं कायमचं देऊन टाकलं. मी त्या साऱ्यांचा ऋणी आहे, आणि कोपऱ्यावरच्या त्या लिंबूवालीचासुद्धा, कारण दुष्काळ आला तरी आमच्या खिचडीला लिंबू कमी पडलं नाही.

दिवाळीनंतर भंडाऱ्याच्या साप्ताहिकाचा एक अंक पोस्टाने आला. वाचकांच्या आग्रहावरून त्यांनी माझा लेख तिसऱ्यांदा छापला होता. मी हात धुऊन, चष्मा पुसून तो उघडला. दोन्ही अटी त्यांनी इमानाने पाळल्या होत्या. एक शब्दही बदलला नव्हता, आणि लेखकाचं नावही दिलं होतं. ठळक टायपात, चौकटीत: ‘लेखिका: सिंधूताई रंगारी’.

संपादकांनी खाली खुलासा जोडला होता. नागपूरहून परत आलेल्या कित्येक वाचकांना त्यांनी लेखकाबद्दल विचारलं, तेव्हा प्रत्येकाने हेच नाव सांगितलं. मागच्या दोन वेळी नावाची चूक झाली, त्याबद्दल ते दिलगीर आहेत.

मी तो अंक सिंधूपुढे ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला. माझा लेख माझ्या डोळ्यांदेखत कोणी वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “चांगला लिहिला हाय. पन साखरेचं कुठंच नाही लिहिलं.”

मी संपादकांना दुरुस्ती पाठवायला कागद घेतला होता, तो परत ठेवून दिला. दुरुस्तीचं काय होतं, ते मी एकदा पाहिलं होतं. आणि यात दुरुस्त करण्यासारखं मला काही सापडलंही नाही.